चाळणीतली गर्दी

आमच्या काकूनं एकोणिसाव्या वर्षी एका फोटो स्टुडिओत नोकरी धरली आणि तिचं पुढचं सारं आयुष्य तिथल्या डार्करूममध्ये गेलं. समोर दर्शनी खोलीत स्टुडिओचे मालक फोटो काढायचे. लोकांना हसवायचे, मान सरळ करायला सांगायचे, वाहवा मिळवायचे. मागच्या बिनखिडकीच्या खोलीत लाल दिव्याखाली काकू ते फोटो धुवायची, मोठे करायची, वाळत घालायची. गावातली निम्मी लग्नं तिच्या हातून गेली, पण लग्नाला तिला कुणी बोलावलं नाही. ती सगळ्यांना ओळखायची, तिला कुणी ओळखायचं नाही. बसमध्ये समोरच्या बाईकडे बघून माझ्या कानाशी लागायची, "हिच्या नाकाची सावली मी तीनदा पुसलीय. हिला पत्ताच नाही."

स्वतः तिनं एकही फोटो काढला नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "काढायचं काम मालकांचं. मी मागची."

काका अगदी उलटे. ते एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर उभे असायचे, छत्तीस वर्षं. खिळे, कड्या, कोयंडे, नळाचे वायसर, दाराच्या मुठी, सगळ्यांची नावं, मापं, कुठल्या खणात काय, तोंडपाठ. गिऱ्हाईक हातानं खुणा करत "ते नाही का, असं वळवायचं असतं ते" म्हणालं की काका एका झटक्यात ती वस्तू काउंटरवर ठेवायचे, वर तिचं नाव सांगायचे आणि वर एक विनोद. घरातही बोलायचं खातं त्यांच्याकडेच. काकू हं हं करायची. मी दोन गल्ल्या सोडून राहतो, पण जिन्यात पाऊल टाकलं की त्यांचा आवाज ऐकू यायचा.

स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकांनी काकूला निरोपादाखल फोटो मोठे करायचं यंत्र दिलं. एक जुना कॅमेरा आणि त्याला बसणारं, लोकांच्या जुन्या फोटोंची अगदी जवळून नक्कल काढायचं भिंग दिलं. फोटोच्या कागदाचे उरलेले दोन डबे दिले. "भंगारात घालण्यापेक्षा तू ने," म्हणाले. काकूनं ते चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि ती मटार सोलायला बसली.

त्याच्या पुढच्या वर्षी, एका सकाळी दाढी करता करता काकांच्या हातातून वस्तरा गळून पडला.

तीन आठवडे दवाखान्यात काढून ते घरी आले. उजवा हात आणि पाय कमजोर झाला होता. पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन चालायला लागले. पण बोलणं गेलं. समजायचं सगळं. कोण आलं, कोण गेलं, कोण खोटं बोलतंय, सगळं. शब्द तेवढे सापडायचे नाहीत. तोंडात शिल्लक राहिलं होतं ते एवढंच: एक ते दहा आकडे, "च्यायला" आणि "अगं". डॉक्टरांनी पेन समोर धरून "हे काय आहे?" विचारलं, तर काकांनी खूप वेळ त्याच्याकडे बघून, अगदी स्वच्छ उच्चारात "च्यायला" म्हटलं. डॉक्टर हसले. काकूही हसली, आणि मग जिन्यात जाऊन रडली. हे मी पाहिलं, म्हणून सांगतो.

आठवड्यातून दोनदा दवाखान्यातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे न्यायचं ठरलं. आम्ही त्यांना थेरपिस्ट बाई म्हणायचो. वयानं लहान, चष्मा डोक्यावर ढकललेला, आवाज खणखणीत. त्यांनी घरी सरावाला चित्रांच्या पत्त्यांचा एक गठ्ठा दिला. एकेक पत्ता दाखवायचा, नाव विचारायचं. शिडाचं जहाज, ढोल, हत्ती. काका पहिल्या दिवशी घामाघूम झाले, दुसऱ्या दिवशी त्यांनी मान फिरवली, तिसऱ्या दिवशी अख्खा गठ्ठा डाव्या हातानं भिरकावून दिला. बाकीचे पत्ते मी गोळा केले, हत्ती मात्र कपाटाखाली गेला तो गेलाच.

काकूनं हे घाबरत घाबरत बाईंना सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. त्यांच्या घरात जहाज कुठंय? तुम्ही घरातल्याच वस्तूंचे फोटो काढा. रोज हाताळायच्या वस्तू. कप, चमचा, कुलूप."

मी म्हटलं, "काकू, मी मोबाइलवर काढून देतो दहा मिनिटांत."

"मोबाइलवरचा फोटो हातात कुठं येतो?" ती म्हणाली. मग माळ्याकडे बघून, "ते वरचं काढून दे मला."

मी यंत्र खाली उतरवलं. बाथरूमच्या झरोक्याला काळा कागद चिकटवला, लाल दिवा आणून लावला, कपडे धुवायच्या मशीनवर फळी टाकून यंत्र बसवलं. औषधांच्या तीन थाळ्या जमिनीवर मांडल्या. दुपारी जेवून काका आडवे झाले की काकू दार लावून आत बसायची. दाराला पाटी: "उघडू नये." पाटी माझ्यासाठी होती, कारण दुपारी त्या घरात दुसरं यायचं कोण?

पहिले तेहेतीस फोटो अगदी शहाण्यासारखे होते. कप म्हणजे कप, कात्री म्हणजे कात्री. पांढऱ्या टेबलक्लॉथवर मधोमध ठेवलेली, सावलीसुद्धा नीट. काकांनी कपाचा फोटो हातात घेतला. ओळखला. डाव्या हातानं पिण्याची खूणही केली. ओठ हलले. "क… ट… त…" आणि थांबले. काकू पुढं वाकून बसली होती. तिला थांबायचं कळलं नाही. "सांगा ना. रोज सकाळी तुम्ही ज्यातून चहा पिता तो. क… क…" काकांनी फोटो उलटा करून टेबलावर ठेवला. मग दुसरा उलटा ठेवला. मग एकेक करून सगळे तेहेतीस उलटे ठेवले आणि उठून गेले.

काकू मला म्हणाली, "हत्ती येत नव्हता ते बरं होतं रे. कप न येणं फार वाईट."

आता यानंतर जे झालं ते काही ठरवून झालं नाही. त्या रोलाच्या शेवटी तीन फोटो उरले होते. वाया का घालवायचे म्हणून काकूनं खिडकीत उन्हासमोर चाळणी धरली होती. भोकांमधून ऊन टेबलावर पडलं होतं. ठिपके, काही ठसठशीत, काही फिसकटलेले, एकमेकांवर चढलेले. कॅमेऱ्यावर ते नक्कल काढायचं भिंग होतंच, ते घेऊन ती इतकी जवळ गेली की चाळणीची कडही फोटोत आली नाही. कागद जुना होऊन करडा पडायला लागला होता, म्हणून तिनं काळा जास्त काळा आणि पांढरा जास्त पांढरा करून छापला. दुसरं काही नाही, हाताला सवय होती म्हणून. आणि इतर कपड्यांबरोबर बोळातल्या दोरीवर चिमटा लावून वाळत घातला.

काका काठी टेकत संडासाकडे चालले होते. ते थांबले. काकू स्वयंपाकघरात होती. तिला वाटलं शेजाऱ्यांचा रेडिओ.

"गर्दी."

ती बाहेर आली. "काय म्हणालात?"

काकांनी काठी भिंतीला टेकवली, डाव्या हाताचं बोट फोटोवर ठेवलं. "गर्दी." मग दुकानात माल दाखवताना बोलायचे तसं, जरा रुबाबात, "खूप. गर्दी."

साडेतीन महिन्यांत आकडे, अगं आणि च्यायला यांच्या पलीकडचा हा पहिला शब्द. 'अहो, ही चाळणी आहे' असं काकूच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. "हो," म्हणाली, "खूप गर्दी आहे." आणि तिथंच बोळात खाली बसली. काका तिच्याकडे बघून म्हणाले, "अगं?"

पुढच्या भेटीला तिनं तो फोटो पर्समध्ये घालून नेला. थेरपिस्ट बाईंनी उलटसुलट करून पाहिला. "काकू, हे मलाच ओळखू येत नाहीये. सरावाला कसं चालेल?" काकूनं तो काकांपुढं धरला. काकांनी बाईंकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू गिऱ्हाईक साधा खिळा ओळखत नाहीये. "गर्दी," ते म्हणाले.

बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. म्हणाल्या, "कपाला एकच नाव आहे. ते चुकलं की चुकलं. याचं काय चुकणार?" मग लगेच सावरून, "पण कपही सोडायचा नाही हं. तेही करायचं, हेही करायचं."

मग काय! काकूला घर दिसायला लागलं. चाळीस वर्षं लोकांचे चेहरे निस्तरलेली बाई आता किसणी खिडकीशी नेऊन तिरकी, उभी, आडवी धरून बघायला लागली. मी गेलो की मला बसायला खुर्ची नसायची, खुर्चीवर काहीतरी "उन्हात" असायचं. एकदा मी नकळत एका कंगव्यावर बसलो. तिनं मला जे झापलं, तसं काकांनाही उभ्या आयुष्यात झापलं नसेल.

किसणीचा फोटो पाहून काका म्हणाले, "छपरं." काट्याचमच्यांच्या लांबलचक सावल्यांना म्हणाले, "कुंपण." चुरगळलेल्या चादरीकडे खूप वेळ बघत राहिले, बोट घडीवरून फिरवत, आणि म्हणाले, "आजारी." गॅसच्या शेगडीचा बर्नर तिनं वरून काढला होता, भोकांची चकती, भोवती काळोख. "सूर्यफूल," ते म्हणाले, एका दमात, न अडखळता. काकूनं मला फोन करून तो शब्द सांगितला, "जोडशब्द आला रे त्यांना, जोडशब्द!"

ती प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीनं त्यांचा शब्द लिहून ठेवायची. कधी एक शब्द यायचा, कधी आठवडाभर काहीच नाही. नुसतं डोकं हलवून फोटो परत द्यायचे. हेही ती लिहायची, "काही नाही म्हणाले," आणि तारीख.

सगळंच गोड होतं असं नाही. एकदा तिनं कपाटात टांगलेल्या रिकाम्या हँगरचा फोटो काढला. अंधारात एक तिरपी तार, खांद्यांसारखी, एका बाजूला जरा वाकलेली. तिला तो फार आवडला होता. मीही होतो त्या दिवशी. काकांनी फोटो घेतला, बघितला, आणि आपल्या लुळ्या उजव्या हाताकडे बघितलं.

"मी," ते म्हणाले.

काकूनं फोटो घेतला, मागे शब्द लिहिला नाही, आणि उठून आत गेली. मी काकांजवळ बसून राहिलो. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट एखादी गोष्ट बरोब्बर सांगितल्यावर माणूस बसतो तसे ते बसले होते. पण काकूच्या मनाला लागलं. "मी माझ्या हौसेपायी त्यांना काय काय दाखवतेय?" ती मला जिन्यात म्हणाली. "नको बाबा. कप बरा, चमचा बरा." कॅमेरा तिनं कपाटात ठेवून दिला. बाथरूममध्ये पुन्हा कपडे भिजत पडले.

दोन आठवडे असे गेले. मग एका सकाळी काका उठून आपल्या जुन्या अवजारांच्या डब्याकडे गेले. त्यांच्या आजारापासून तो कुणी उघडला नव्हता. डाव्या हातानं बराच वेळ खडखड केलं. काकू भांडी घासत होती. काकांनी येऊन टेबलावर एक बिजागरी ठेवली. दाराची, पितळी, जुनी. ती त्यांनी अर्धी उघडली. पाहिलं. बोटानं ढकलत ढकलत खिडकीच्या उजेडात नेली. सावली पडली ती बघितली, पसंत पडली नाही, अजून जरा फिरवली. मग मागे सरून उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले.

काकूनं हात पुसले आणि कपाटातून कॅमेरा काढला.

त्या फोटोला ते "उडाला" म्हणाले. उघडी बिजागरी आणि तिची सावली, दोन्ही मिळून खरंच पंख पसरल्यासारखं दिसतं. पण माझ्या मते त्या दिवशीची मोठी गोष्ट शब्द नव्हती. तेव्हापासून फोटो दोघांचे झाले. वस्तू निवडायचं, मांडायचं काम काकांचं. डाव्या हातानं, मिलिमीटर मिलिमीटर सरकवत, पूर्वी काउंटरवर माल मांडायचे त्याच निगुतीनं. काकूला एखादी मांडणी पटायची नाही. ती पुढं होऊन हलवायची. काका "च्यायला" म्हणून परत होती तशी करायचे. घरात पुन्हा भांडणं सुरू झाली, आणि ती ऐकून मला किती बरं वाटलं काय सांगू.

त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, दुसऱ्या शहरात असते. नोकरी, मुलं, सगळं सांभाळून ती दर दोन-तीन महिन्यांनी यायची. या खेपेला आली तर बाथरूमचा झरोका काळा, आईच्या बोटांवर औषधाचे तपकिरी डाग, दोरीवर फोटो आणि टॉवेल एकत्र. तिनं दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तिचा बांध फुटला.

"आई, हे चाललंय काय? बाबा किसणीला छपरं म्हणतात आणि तू वहीत मांडून ठेवल्यासारखं लिहून ठेवतेस. त्यांना किसणी म्हणता यायला हवं ना?"

"ते पण करतो आम्ही. बाईंनी सांगितलेलं सगळं करतो."

"उद्या तू घरात नसलीस, त्यांना काही झालं, तर शेजारी येऊन छपरं म्हणजे काय ते कसं ओळखणार? जगाला कळेल असं बोलायला शिकव त्यांना."

काकू चहा गाळत होती. "तुझं खरं आहे," एवढंच म्हणाली. आणि ताईचं खोटं नव्हतंच.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काकू बाथरूममध्ये दार लावून फोटो धूत होती. काका बोळातल्या खुर्चीवर. ताईनं गॅसवर दूध ठेवलं आणि तिच्या ऑफिसमधून फोन आला म्हणून ती बोलत बोलत बाल्कनीत गेली. मी सोफ्यावर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडलो होतो.

काका ओरडले, "सूर्यफूल!"

ताईनं फोनवर हात ठेवून आतल्या बाजूला म्हटलं, "हो बाबा, हो. दाखवते हं नंतर."

"सूर्यफूल! अगं! सूर्यफूल!" काठी जमिनीवर आपटायला लागले.

मी पेपर बाजूला करेपर्यंत बाथरूमचं दार धाडकन उघडलं. काकू ओल्या हातांनी, थाळी लवंडून, आमच्या दोघांच्या अंगावरून गेल्यासारखी स्वयंपाकघरात धावली. दूध उतू जाऊन आच विझली होती आणि गॅस सुरू होता, नुसता सुसू आवाज करत. तिनं चावी बंद केली, खिडकी उघडली, आणि ओट्याला धरून उभी राहिली. वास मग आम्हाला आला. नाक माझंही होतं आणि ताईचंही, पण आधी कळलं ते काकांना.

ताई फोन हातात धरून दारात उभी. फोनमधून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं. तिनं तो बंद केला. काकांकडे गेली, त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसली, आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. काका डाव्या हातानं तिच्या डोक्यावर थोपटत म्हणाले, "एक, दोन, तीन, चार." त्यांना दुसरं काही सुचलं नसेल, किंवा हेच म्हणायचं असेल.

बाथरूममध्ये उजेड शिरल्यानं उघडे पडलेले दहा कागद कायमचे काळे झाले. तसे कागद आता सहज मिळत नव्हते. काकूनं ते गोळा करून टाकून दिले. ताईनं शेगडी घासली, बर्नर काढून सुईनं भोकं साफ केली, आणि मग आईला म्हणाली, "तो फोटो कुठाय? बघू." त्या संध्याकाळी ती सगळे फोटो जमिनीवर पसरून बसली होती. मागचे शब्द न वाचता आधी स्वतः काय वाटतं ते सांगायची, मग उलटून बघायची. तिचं आणि बाबांचं एकदाही जुळलं नाही. जाताना ती मला म्हणाली, "माझं म्हणणं अजून तेच आहे. शेजाऱ्यांना कळायला हवं." मग पिशवी खांद्याला लावत, "म्हणून मी शेजारच्या बाईंना सूर्यफूल शिकवून चाललेय."

थेरपिस्ट बाईंनी त्यातले काही फोटो आपल्या इतर रुग्णांना दाखवायला मागून घेतले. त्यांच्याच ओळखीनं आमच्या भागातल्या वाचनालयाच्या बाईंनी वाचनकक्षाची एक भिंत आठवड्यासाठी दिली. एकतीस फोटो लावले. प्रत्येकाच्या खाली पांढऱ्या पट्टीवर काकूच्या अक्षरात काकांचा शब्द, पेन्सिलीनं. वस्तूचं नाव कुठंही लिहायचं नाही, असं काकूचं म्हणणं. हँगरचा फोटो लावायचा की नाही यावर ती अडली होती. काकांनीच तो गठ्ठ्यातून काढून वर ठेवला. मग तिनं दीड वर्षानं त्याच्या खाली तो एक शब्द लिहिला.

पहिल्या दिवशी वीस-पंचवीस माणसं आली. बरीचशी वर्तमानपत्र वाचायला आली होती आणि भिंत बघून उठली. एक गृहस्थ चुरगळलेल्या चादरीसमोर बराच वेळ उभे राहिले, डोळे पुसले, आणि मग काकूला विचारलं, "हे खरं तर काय आहे हो?" काकू म्हणाली, "चादर. धुवायला टाकायची होती." ते जरा हिरमुसले. काका खुर्चीत बसून खदखदा हसले.

आणि मग काकांच्या दुकानातले एक जुने जोडीदार आले. त्यांच्याबरोबर काउंटरवर पंचवीस वर्षं उभे राहिलेले, जाडजूड, मोठ्या आवाजाचे. त्यांना कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. ते भिंतीजवळ गेले आणि माल तपासल्यासारखे सुरू झाले. "ही किसणी. हा बर्नर, तीन नंबरचा. हे नळाचं जाळीचं तोंड. आणि ही," बोट नाचवत, "ही तर आपली अडीच इंची बिजागरी!"

वाचनालयात शांतता पाळायची असते, पण त्या माणसाला ते सांगणार कोण? काका खुर्चीतून उठले. जोडीदाराच्या तोंडाकडे बघत त्यांचे ओठ हलायला लागले. "बि…" जोडीदार थबकले. हळू आवाजात, त्यांच्या मानानं हळू, म्हणाले, "बिजागरी." "बि… जा…" "गरी." "बिजागरी," काका म्हणाले. पुन्हा म्हणाले. मग संध्याकाळभर म्हणत राहिले. येणाऱ्याला, जाणाऱ्याला, वाचनालयाच्या बाईंना, रिक्षावाल्याला, जिन्यात मला. बिजागरी, बिजागरी. छत्तीस वर्षांत त्यांनी हजारो विकल्या असतील, पण इतक्या आनंदात एकही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शब्द पुन्हा गेला होता. काकूनं बिजागरी समोर ठेवली, त्यांनी खूप शोधलं, सापडला नाही. पुन्हा कधी आलाही नाही. काकू म्हणाली, "असू दे. एक दिवस येऊन राहून गेला ना."

काका पुढं चार वर्षं जगले. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलायला लागले. "चहा दे." "ताई कधी?" "तू चुकलीस." कपाला कप म्हणायला लागले, चमचा शेवटपर्यंत आला नाही. फोटो सुरूच होते. शेवटच्या वर्षी त्यांना बसून मांडणी करवत नव्हती, तेव्हा काकू ट्रेमध्ये वस्तू घेऊन पलंगाशी जायची आणि ते बोटानं इकडे, तिकडे दाखवायचे. एका हिवाळ्यात, झोपेतच, ते गेले. मी पोचलो तेव्हा घरात इतकी माणसं होती आणि सगळी बोलत होती, आणि काकू तेवढी कोपऱ्यात गप्प बसलेली. मला वाटलं आता ती पुन्हा मागची होणार.

दोन महिने तसंच झालं. मग थेरपिस्ट बाई स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, "काकू, मला तुमच्या फोटोंची नाही, तुमची गरज आहे. मी फोटो दाखवते तेव्हा लोक बोलत नाहीत. मी उत्तराची वाट बघतेय हे त्यांना माझ्या तोंडावरच दिसतं. तुम्हाला नुसतं बसता येतं."

काकू आता आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जाते. सध्या तिच्याकडे एक निवृत्त बसड्रायव्हर आहेत, काकांच्याच दुखण्याचे. त्यांच्या पत्नी सोबत येतात, बिचाऱ्या फार घाबरलेल्या असतात. परवा मी काकूला न्यायला गेलो तेव्हा त्या बाई दारात तिचा हात धरून विचारत होत्या, "मी पण घरी काढून बघू का हो असे फोटो? मला काहीच येत नाही. कॅमेरा कुठला घेऊ?"

"कुठलाही घ्या," काकू म्हणाली. "घरी जाऊन आधी खिडकीची काच पुसून ठेवा. बाकी पुढच्या खेपेला सांगते."